महालक्ष्म्यांच्या दिवशी पायांवरचं कुंकू

देवीवर मी रागावले नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. लेकीनं दूध सोडून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या डाव्या स्तनात गाठ आली. लाल, गरम, हात लावू न देणारी. पू झालाय म्हणून चिरा दिला, तो भरेना. शेजारी दुसरं तोंड फुटलं. मग रामदासपेठेतले मोठे डॉक्टर गाठले. त्यांनी टीबी असेल म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि गुण येईना तेव्हा बराचसा भाग काढून टाकू म्हणाले. नेमकं झालंय काय, असं विचारलं तर “घाबरू नका” एवढंच उत्तर. अहो, घाबरू नको तर काय करू? शरीर माझं होतं.

त्यात महालक्ष्म्या आल्या. लग्न झाल्यापासून आमच्या ज्येष्ठा-कनिष्ठांना साड्या मीच नेसवते. त्या वर्षी चुलतसासूबाई दारातच आडव्या आल्या. “वाहत्या जखमेनं सोवळ्यात येऊ नको वं. देवीले चालत नाही.” देवीला कोणी विचारलं होतं? नवरा खाली मान घालून केळीची पानं पुसत राहिला. मी मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून म्हटलं, तुला माझी किळस येत असेल तर मलाही तू नकोस.

ठरलेली सवाष्ण ऐन वेळी आली नाही, म्हणून शेजारणीनं भिवापूरहून आलेल्या आपल्या पाहुणीला जेवायला पाठवलं. तिचे पाय धुऊन कुंकू लावून झाल्यावर तिनं विचारलं, “घरची सून कुठं हाये?” कोणीतरी मागच्या खोलीकडे पाहिलं, तशी ती कुंकवाची वाटी उचलून सरळ माझ्या खोलीत आली. “तूही सवाष्णच ना वं? कर पाय पुढं.” कुंकू लावता लावता तिचा हात थांबला. माझ्या नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी होत्या. डॉक्टरांना दाखवल्या तर डास चावले असतील म्हणाले होते.

“छातीतही गाठ हाये का?” तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. “मलेही असंच झालं होतं. सुईनं तुकडा काढून तपासला का?”

“नाही. टीबीच्या गोळ्या चालू आहेत.”

“तपासल्याबिगर? काहून खाऊन राहिली वं मंग? आधी तुकडा तपासायले लाव. तोवर कापू देऊ नको.”

मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, टीबीही नव्हता. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे या दोन्हींसारखी दिसणारी, स्तनाची एक दुर्मीळ सूज. नडग्यांवरच्या गाठीही त्याच दुखण्याच्या होत्या. औषधांनी सावकाश जखमा भरल्या. माझा स्तन राहिला.

देवीनंच तिला पाठवलं, असं सगळे म्हणतात. मी वाद घालत नाही. मला पूजेबाहेर ठेवल्यावर तीच मखरातून उठून माझ्याकडे आली, असं मनात येतं आणि डोळे भरतात. तिच्यापुढे टेकलेलं डोकं आता मागे घेणार नाही. पण न तपासता कापायला निघालेल्यांचा आणि तिच्या नावानं दार अडवणाऱ्यांचा राग काही जात नाही. तोही तिच्या पायाशी ठेवलाय, तिनं त्याचं काय ते करावं.

यंदा साड्या मीच नेसवल्या. भिवापूरच्या ताईंना मुद्दाम बोलावलं. त्यांचे पाय मी धुतले आणि पाणी घालायला चुलतसासूबाईंना सांगितलं. त्या तांब्या घेऊन वाकल्या.