फेलमावशीचा पाय

"आज मावशी दिसत नाय. ती इंग्लिशवाली एकटीच बसलीय. घे गाडी आत, निघेल."

मागच्या टँकरचा ड्रायव्हर पुढच्या टिपरवाल्याला सांगत होता. मी टपरीच्या खिडकीत, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. मला सगळं ऐकू जातंय हे त्याला माहीत होतं, आणि मी काही बोलणार नाही हेही.

टपरीच्या मागून रबरी नळी झटकत आवाज आला, "इंग्लिशवाली हाय, आंधळी नाय. आनि मावशी पन मेली नाय अजून. घे की गाडी आत, थांबलास कशाला?"

टिपरवाल्याचा चेहरा उतरला. फेलमावशी हजर होती.

वसई फाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं पीयूसी सेंटर आहे. पत्र्याची टपरी, धूर मोजायचं यंत्र, एक कॉम्प्युटर आणि कायम कागद अडकणारा प्रिंटर. आमच्याकडे मोटारी फारशा येत नाहीत. येतात ते ट्रक, टिपर, टँकर. नळी मावशीकडे, कॉम्प्युटर माझ्याकडे. तिचं खरं नाव फक्त सेंटरच्या मालकाला, शेठना ठाऊक असावं. ‘फेलमावशी’ हे नाव ड्रायव्हर लोकांनी दिलेलं, आणि तिला त्याचा राग नव्हता. कोणी लाडीगोडीनं ‘ताई’ म्हटलं की मात्र ती त्याची गाडी दुप्पट वेळ उभी करायची.

आता ती इथं कामाला नाही, आणि माझ्याशी बोलतही नाही. तिच्या मुलाचा टिपर समोरून जातो तेव्हा कधीकधी ती शेजारच्या सीटवर असते, आणि आमची टपरी आली की मान मुद्दाम दुसरीकडे वळवते. त्या टिपरच्या मागे धूर मात्र दिसत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "कुठची गं तू?"

"बोळिंज."

"तिथं समदे बाहेरचेच. मूळची कुठची?"

"आजोबा कोकणातले."

"मग तोंड तिथंच ठेवून आलीस काय?"

मी शाळेत आणि कॉलेजात इंग्रजीतून शिकले आणि दोन्हीकडे गप्प बसले. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात. मावशीनं तसा काही समज करून घेतला नाही. ती मला ‘मुके’ अशी हाक मारायची, तीही दहा ट्रकवाल्यांसमोर. काजळीचे हात माझ्या खुर्चीच्या पाठीला पुसायची. सुक्या बोंबलांचा डबा माझ्या कीबोर्डवर ठेवून जेवायची. प्रिंटर अडला की म्हणायची, "इंग्लिशमधी सांग त्याला, ऐकंल." शेठना तिच्याबद्दल लिहायचा मेसेज मी मनातल्या मनात इतक्यांदा लिहिला होता, की तो मला पाठ होता.

ड्रायव्हर लोकांशी तिचं वैर वेगळं, मोकळं आणि रोजचं. चाचणीआधी इंजिन तापलेलं लागतं; थंड इंजिनचा आकडा खरा येत नाही. या नियमाचा तिनं शस्त्रासारखा उपयोग केला. एखाद्यानं उलट उत्तर दिलं की ती बॉनेटला हात लावून म्हणायची, "थंड हाय. एक फेरी मारून ये."

"मावशी, सुरतेहून येतोय सरळ!"

"मग परत जा सुरतेला. येस्तोवर तापंल."

हे चूक होतं. स्क्रीनवर तेलाचं तापमान मला दिसायचं, इंजिन चांगलं गरम असायचं. मी तिच्याकडे बघायचे, ती माझ्याकडे बघायची, आणि तो बिचारा शिव्या घालत ट्रक वळवायचा.

पण एका बाबतीत ती कोणाला सूट देत नसे. मोठ्या गाडीची चाचणी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि ड्रायव्हरनं रेसचं पेडल एका दमात तळापर्यंत दाबून सोडायचं. असं चार-पाच वेळा. धूर किती दाट ते यंत्र सांगतं. आता ज्याला आपली गाडी काळं ओकते हे माहीत असतं, तो पेडल निम्म्यावरच थांबवतो. इंजिन पूर्ण चढत नाही, धूर कमी येतो, गाडी पास. याला आमच्याकडे ‘अर्धा पाय’ म्हणतात. आमचं जुनं यंत्र इंजिन किती फेऱ्यांपर्यंत चढलं ते दाखवतं, पण कमी चढलं म्हणून अडवत नाही. अडवायचं ते माणसानं.

मावशीला स्क्रीन लागायची नाही. नळी धरून मागे उकिडवी बसलेली ती आवाजावरूनच ओळखायची. मग उठायची, लुगड्याचा काष्टा घट्ट करायची आणि केबिनचं दार उघडून दोनच वाक्यं बोलायची.

"उतर. मी बसते."

बाप्ये गुमान उतरायचे. ती वर चढायची आणि पेडल असं दाबायची की टपरीचे पत्रे थरथरायचे. "यंत्र खोटं नाय बोलत," ती वरून सांगायची, "पाय बोलतो."

गाडी फेल झाली तरी ती माणसाला तसाच पाठवत नसे. आधी भांडण, मग निदान. आकडे वाचायची तिची पद्धत मी न विचारता शिकले. एकामागून एक उतरत गेले तर सायलेन्सरमधली जुनी काजळी निघतेय, अजून चार वेळा रेस देऊन साफ कर. वरखाली झाले तर पाय खोटा. आणि दरवेळी सारखेच, सारखेच जास्त आले तर दुखणं इंजिनात. तेव्हा आधी एअर फिल्टर बघायचा. "नाक चोंदल्यावर तू पळशील काय? मग तो कसा पळंल?" फिल्टर साफ असेल तर डिझेल फवारणारे नोझल. निळा धूर दिसला तर ती निदानही करत नसे. "तेल पितोय. मालकासारखाच हाय," एवढंच.

एकदा दुपारी गर्दी नव्हती. समोर एक रिकामा ट्रक उभा होता. ती म्हणाली, "मुके, चढ."

पायरी माझ्या कमरेला लागत होती. मी कशीबशी चढले. पेडल दाबलं.

"पायात हाड नाय काय? फुल म्हंजे फुल! पत्र्याला टेकव!"

मी डोळे मिटून टेकवलं. ट्रक असा गरजला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. चहा पीत बसलेले ड्रायव्हर हसायला लागले. मावशी हसली नाही. त्यांच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं? आवाज हाय हिला. वापरत नाय, येवढंच."

मग तिचा गुडघा गेला. केबिन चढायची-उतरायची वर्षं त्याच्यावर साचली होती. शेवटच्या दिवशी तिनं काच पुसायचा फडका माझ्या टेबलावर टाकला. "रोज सकाळी यंत्राची काच पुसायची, मगच आकडा शून्यावर लावायचा. समदं ऐकतेस तू, मला म्हायती हाय. बोलत कायच नाय." आणि रिक्षात बसून गेली. मला बरं वाटलं. खुर्चीची पाठ मी साबणानं धुतली.

ड्रायव्हर लोकांना माझ्याहून बरं वाटलं असणार. मी ‘पाय पूर्ण दाबा’ असा कागद छापून खिडकीला चिकटवला. ते तो वाचायचे आणि अर्धा पाय द्यायचे. मी चाचणी रद्द करून पुन्हा लावत असे. पुन्हा, आणि पुन्हा. कंटाळून कधीतरी त्यांचा पाय खाली जायचाच. माझं काम असं न बोलता चाललं होतं.

एक दिवस तिचा मुलगा त्याचा टिपर घेऊन आला. मी त्याला ओळखत होते. तो आईला कधीमधी न्यायला यायचा. त्यानं पाय पूर्ण दिला. आकडे आले सारखेच, सारखेच जास्त. फिल्टर नवा होता. मी निकालाच्या कागदावर लिहिलं, ‘नोझल तपासून घ्या.’

त्यानं वाचलं आणि तिथंच उभा राहिला. "गाडी खोलली तर चार दिवस उभी राहंल, मॅडम. उद्या रस्त्याच्या कामावर लावायचीय. गेटवर पीयूसी बघतात. माझी नाय लागली तर दुसऱ्याची लागंल, मग वर्षभर दारात उभी. घर हिच्यावरच चालतं आमचं, आईला विचारा."

मी नकारार्थी मान हलवली. तो गेला.

ऊन कलताना टिपर परत आला. या वेळी मावशी सोबत होती. लंगडत उतरली, गाडीला वळसा घातला, मुलाकडचं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"उतर. मी बसते."

रांगेतले ड्रायव्हर खूश झाले. "आता पोराला पन फेल करते बघ!" "मावशी, इंजिन थंड असंल, सुरतेला पाठव त्याला!"

ती दोन्ही हातांनी दांडा धरून, चांगला पाय आधी टाकून वर चढली. मी नळी लावली आणि खिडकीत येऊन बसले. तिनं रेस दिली.

इंजिन पूर्ण चढलं नाही. टपरीचे पत्रे हलले नाहीत.

मला वाटलं, गुडघा. मी चाचणी पुन्हा लावली. तेवढंच चढलं, तिथंच थांबलं. पुन्हा लावली. पुन्हा तेवढंच. दुखरा पाय एकदा जास्त जातो, एकदा कमी. हा पाय दरवेळी त्याच जागी थांबत होता. इतका नेमका अर्धा पाय मी कोणाचा पाहिला नव्हता. प्रत्येक आकडा मर्यादेच्या जरा आत. आणि ती कंटाळणार नव्हती. माझी युक्ती तिच्यापुढे चालणार नव्हती.

"पास ना, मॅडम?" मुलानं खिडकीशी येऊन विचारलं.

"काढ की कागद, मुके," वरून आवाज आला. "काय बघत बसलीस?"

रांगेतलं हसणं थांबलं होतं. आवाज त्यांनाही कळतो. जन्म त्यात गेलेला. टँकरवाल्यानं मान खाली घातली. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला दया यायला हवी होती. आला तो राग. तिनं मला इतके महिने मुकी म्हटलं, आणि आज तिला मी तशीच हवी होते.

मी खुर्चीवरून उठले. बाहेर गेले. टिपर धडधडत होता, हळू बोललेलं वर पोचलं नसतं. मी केबिनचं दार उघडलं. तिनं आरशातून नजर काढली आणि आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"मावशी, उतरा," मी ओरडले. "मी बसते."