कॅप्टनच्या खांद्यावरचं फडकं

शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टन म्हणतात. मनगटं पैलवानाची, आवाज मैदानापलीकडे जाणारा. मोठ्या साहेबांवर पुस्तकं निघतात. बावीस वर्षं पोरांची पोटं भरणाऱ्या या बाईवर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. म्हणून मी लिहितेय.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या भाचीला शेंगदाण्याची ॲलर्जी. चिमूटभर पोटात गेलं तरी ओठ खाजतात, सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. घसा आवळून श्वास अडकला तर जिवावर बेततं. कुणाला हेच दुधाने होतं, कुणाला अंड्याने, गव्हाने, माशाने. लोक म्हणतात, नखरे आहेत. नखऱ्याने घसा सुजतो का हो?

पोर दोन वर्षं जिन्याखाली एकटी डबा खायची. हट्ट एकच, "मावशी, मला बाकावर सगळ्यांबरोबर कॅप्टनच्या हातचं जेवायचंय." मी मुख्याध्यापकांशी भांडून परवानगी काढली. पहिल्याच दिवशी भाताचे चार घास गेले नाहीत तो ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. वर्गबाईंनी तिच्या दप्तरातलं इंजेक्शन लगेच मांडीत दिलं, रुग्णवाहिका बोलावली. संध्याकाळपर्यंत पोर दवाखान्यात उठून बसली, आणि परवानगी गेली.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात घुसले. "भातात दाणे घातलेच कसे?"

"आवाज खाली! इथे फक्त मी ओरडते," कॅप्टन म्हणाल्या. "भातात दाणे घालायला मी काय वेडी आहे? तुम्हाला रांधता येतं?"

"नाही."

"मग तोंड बंद करून बसा आणि बघा."

बसले. तीन दिवस बसले. ओळीने पाच पातेली, प्रत्येकाचा डाव वेगळा. पातेल्यात घालण्याआधी प्रत्येक डाव कॅप्टन खांद्यावरच्या फडक्याला झटक्यात पुसायच्या. स्वच्छतेचा केवढा तोरा! तिसऱ्या दिवशी दाण्याच्या रश्श्याचा डाव पुसला, मग त्याच फडक्याला भाताचा.

"फडकं!" मी किंचाळले.

त्यांनी फडकं काढून काळ्या ओट्यावर झटकलं. बारीक बदामी पूड पडली. कॅप्टन पालथ्या बादलीवर मटकन बसल्या.

"म्हणजे माझ्या खांद्यावरूनच गेलं की पोरीच्या पोटात."

मी फार सुनावणार होते. पण खरं सांगायचं तर परवानगीसाठी भांडताना मी तरी हे स्वयंपाकघर कुठे बघितलं होतं?

त्या दिवसापासून फडकं गेलं. पोरीचं पातेलं वेगळं, निळ्या दांड्याचा डाव वेगळा. साबणाने घासून, हात धुऊन, दाण्यांचा डबा उघडायच्या आधी तिचं जेवण तयार करायचं, असं ठरलं. मसाल्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं कॅप्टन चष्मा लावून वाचायच्या आणि पाकिटालाच झापायच्या, "‘शेंगदाण्याचे अंश असू शकतात’ म्हणजे काय रे? आहेत की नाहीत, नीट बोल!"

मुख्याध्यापक तरी पुन्हा परवानगी देईनात. मी बाह्या सरसावल्या, तर कॅप्टननी मला मागे सारलं. "साहेब, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, इंजेक्शन वर्गबाईंकडे आहे. पोर बाकावर बसणार नसेल, तर उद्यापासून तीनशे ताटं जिन्याखाली मांडते. जागा तुम्ही करा."

साहेबांनी परवानगीवर सही केली. एवढ्या कमी शब्दांत मला कधी जमलं नसतं, हे कबूल करताना जीभ जड होते.

सोमवारी पोर बाकाच्या मधोमध बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या मैत्रिणींनी स्वतःहून दाण्याचा रस्सा नाकारला. ताट रिकामं झालं तरी कॅप्टन घड्याळाकडे बघत उभ्याच. दर पाच मिनिटांनी उलटतपासणी.

"ओठ खाजतात?"

"नाही."

"घसा आवळतो?"

"नाही हो."

"पोटात काही होतंय?"

"होतंय," पोर म्हणाली. कॅप्टन पांढऱ्याफटक पडल्या. माझाही हात वर्गबाईंनी टेबलावर आणून ठेवलेल्या इंजेक्शनकडे गेला.

"भूक लागलीय, कॅप्टन. अजून वाढा ना!"

अख्खा बाक खिदळला. "थांब, तुझे कानच पिळते!" कॅप्टन ओरडल्या. मैदानापलीकडे ऐकू गेलं असेल. कान काही पिळले नाहीत. निळ्या दांड्याचा डाव घेऊन आल्या आणि ताटात भाताचा डोंगर केला.