तेच, तेच

“तेच, तेच.”

एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी अडखळत नसत. बाकी जवळपास सगळे अडखळत. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडकायचं. मान किंचित वर जायची, बोटं शर्टाचं वरचं बटण चाचपायची. समोरच्याला तेवढा धीर नसायचा. तो आपल्या मनाने वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा. त्याने पुरं केलेलं बरोबर असो की चूक, हे म्हणायचे, “तेच, तेच.”

मी कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहीत असे. ते तिथले जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. कामगार त्यांना उस्ताद म्हणत आणि मला मेहताजी. आमच्या खोल्याही एकाच चाळीत होत्या, त्यामुळे मी जे सांगतो ते पाहिलेलं आहे.

नाक्यावरच्या टपरीवर ते एकदा म्हणाले, “चहा. सा-सा-साखर...”

“कमी? शुगर हाय का काका?”

“तेच, तेच.”

तेव्हापासून टपरीवाला त्यांना न विचारता फिका चहा देतो. त्यांना मधुमेह वगैरे काही नाही, हे मला त्यांच्या घरी कळलं. त्यांची मुलगी त्यांच्या कपात तिसरा चमचा साखर टाकत होती. “मग टपरीवर सांगत का नाही?” मी विचारलं. ते नुसते हसले. सांगायचं म्हणजे आणखी एक वाक्य आलं.

असं बोलणाऱ्याला सल्ले देणारे तुम्हीही पाहिले असतील. कुणी वेखंड चाटायला सांगतो, कुणी खडीसाखर जिभेखाली धरायला. लग्नकार्यात कुणीतरी म्हणतो, “लांब श्वास घ्या, घाबरू नका.” नाक्यावरची पोरं “हकला” म्हणतात. हे सगळ्याला मान डोलवत.

पण कारखान्याच्या आत गोष्ट निराळी होती. मागांचा खडखडाट असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. नव्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. जुने कामगार ओठ वाचतात. मीही वाचायला शिकलो. त्या आवाजात जॉबर सलग बोलत. का, ते मला सांगता येणार नाही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसेल, म्हणूनही असेल. आडवा धागा नेणारा धोटा घासला की ओरडत, “अबे, धोटा बदल! कब से बोल रहा हूँ!” शिवीसुद्धा सबंध बाहेर पडायची. मग लाइट गेली की सगळे माग एकदम थांबत आणि त्यांचं वाक्यही तिथेच थांबे. नवे कामगार म्हणत, “लाइट जाते ही उस्ताद का मूड जाता है.”

त्याच खडखडाटात एकदा त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “मेहताजी, हकला म्हणणारी पोरं म्हणतात आणि निघून जातात. ‘सावकाश’ म्हणणारा समोर उभा राहतो. मी घाईत नसतोच. घाई त्याला असते. मी कडी काढत असतो आणि हा बाहेरून लावतो.”

एवढं लांब ते माझ्याशी दुसरीकडे कुठेच बोलले नाहीत.

मुलगी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिला पडघ्याहून स्थळ आलं. मुलगा चांगला, शेती, गोदामाचं भाडं. आई नसलेली मुलगी. तिने वडिलांना एकच गोष्ट बजावली होती. “बाबा, बाकी काही मागू नका. नोकरी सोडणार नाही, एवढं तुम्ही सांगा. काकांना सांगायला लावू नका.”

बोलण्यांना जॉबरांचा भाऊ होता, शेजारी म्हणून मीही बसलो होतो. मुलाच्या वडिलांनीच विषय काढला. “लग्नानंतर पोरीच्या नोकरीचा काय?”

जॉबर सावरून बसले. “ती नो-नोकरी सो-सो-सो...”

मुलाच्या वडिलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माणूस मायाळू होता. “सावकाश, व्याही, सावकाश. सोडंल, हेच ना? आमच्याकडं बायांना नोकरीची गरज न्हाय.”

“तेच, तेच.”

ते बोलून गेले. त्यांचा चेहरा मी पाहिला. निघालेला शब्द परत आत ओढता येतो का, असं बघितल्यासारखा. तोवर पेढ्यांचा पुडा उघडला होता. मी “अहो, जरा...” म्हणालो, तर जॉबरांच्या भावाने माझ्याच हातावर पेढा ठेवला.

पाहुणे गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “बाबा, तुम्ही ‘तेच’ म्हणालात?” एवढंच विचारून ती ड्युटीला निघून गेली. त्यांनी बराच वेळ दिवाही लावला नाही.

मी म्हणालो, “मी फोन करून सांगतो त्यांना. चुकून झालं म्हणावं.”

त्यांनी तळहात उभा धरला. “मी. मी सां-सां-सां...” मी थांबलो. “...सांगणार.” मग फक्त एवढं करायला सांगितलं की कारखाना बघायच्या निमित्ताने पाहुण्यांना बोलवा.

पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, आले. दारातच त्यांनी कान झाकले. “बापरे, कसला आवाज हाय!” जॉबरांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं, मागांच्या मधोमध उभं केलं आणि त्यांच्या कानाला तोंड लावलं. पाहुण्यांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे पुढचा शब्द ओळखायचीही सोय नव्हती. नुसतं ऐकणं भाग होतं. मी दारातून ओठ वाचत होतो. “परवा माझ्याकडून चुकीचं बोललं गेलं. माझी मुलगी हुशार आहे. तुमच्या घरी ती नीट नांदेल. पण नोकरी ती...”

आणि लाइट गेली.

सगळे माग थांबले. कामगार जागच्या जागी उभे. त्या शांततेत त्यांचा एकट्याचा आवाज उरला. “सो-सो-सो...”

पाहुण्यांनी मान वर केली. “सोडंल, सोडंल. ते ठरलाच हाय ना.”

“ते नाही.”

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्यानंतर पुन्हा “सो-सो”. मान वर, हात बटणाशी. एरवी मी घड्याळ बघणारा माणूस, तेव्हा बघितलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी “सावकाश” म्हटलं नाही.

“सोडणार नाही.”

पाहुणे कान चोळत म्हणाले, “मंग हे परवा का न्हाय बोललाव?”

“परवा तु-तु-तुम्हीच बोललात.”

पुढे पडघ्याहून निरोप आला की जमणार नाही. भाऊ चाळीच्या गॅलरीत सगळ्यांदेखत म्हणाला, “जन्मभर गप्प बसलास आणि नेमकं तेव्हाच तोंड उघडायचं होतं?” यावर “तेच, तेच” आलं नाही. मुलगी लॅबच्या कपड्यांतच बाहेर आली, त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि काकांसमोर म्हणाली, “गोड केलाय, बाबा.” ती अजून त्याच लॅबमध्ये आहे.

कारखाना मात्र बंद पडला. माग भंगारात गेले. जॉबर मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात गेटवर लागले. खोलीही तिकडेच घेतली. त्या गोदामात पुठ्ठ्याची खोकी, चकचकीत फरशी आणि शांतता. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तोंडाने विचारायचं काम.

मध्यंतरी ते नाक्यावर भेटले. मी विचारलं, “कसं काय तिकडे?”

“ति-तिकडे... मेहताजी, ति-तिकडे दि-दिवसभर...”

मी थांबलो. मान वर गेली, हात बटणाशी गेला. तेवढ्यात मानकोलीची शेअर रिक्षा येऊन उभी राहिली. “चलो काका, एक सीट! बोलना है तो बैठ के बोलो!” ड्युटीची वेळ झाली होती. ते बसले. रिक्षा वळेपर्यंत बाहेर वाकून माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते. पण त्या रहदारीत, तेवढ्या अंतरावरून मला वाचता आले नाहीत.

ते वाक्य तसंच आहे. मी ते पुरं केलेलं नाही.