मांजरीला दूधभात

शहापूरजवळच्या जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर एका जागी उभा राहत नसे. येरझारा घालतच तो प्रत्येकाला विचारी, "काय खाऊ घालता?" कुणी कुत्र्याला कांद्याची भाजी दिली म्हटलं की त्याचा आवाज चढे. मला त्याची धास्तीच वाटे.

आमची मांजर दारांना धडकू लागली, तेव्हा मी तिला तिथे नेलं. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले.

"दोन वर्षं दूधभातच देते. आमच्याकडे मांस-मासे चालत नाहीत," मी म्हणाले.

"कुत्रं भातावर कसंतरी निभावते, ताई. मांजरीले मांसच लागते," कंपाउंडर म्हणाला. "त्याच्याबिगर तिचे डोळे जाऊन राहिले."

दुसऱ्या दिवशी तो उकडलेल्या मासळीचा डबा घेऊन आमच्या अंगणात हजर. गळ्यात तुळशीची माळ. नाक आक्रसून त्याने एकेक काटा काढला आणि मांजरीपुढे घास ठेवला. तिने तो अधाशासारखा गिळला.

"तुम्ही खाता?"

"मी कायले खातो? भूक तिची आहे."

त्यानंतर मी अंगणात चूल मांडून स्वतः मासे उकडू लागले. गेलेली नजर परतली नाही. उरलेली टिकते आहे ना, हे रोज तिच्यासमोर बोट हलवून पाहते.