मवाळ पक्षाचं उलथणं

माझा मुलगा एका देशाचा पुढारी आहे. तो देश जगात कुठंच नाही, फक्त कॉम्प्युटरवर आहे. नॉर्वे-स्वीडनच्या वरच्या अंगाला, जिथं खरं तर नुसता समुद्र आहे, तिथं या लोकांनी एक बेट काढलं आणि त्याला नाव दिलं. नाव असं, की तोंडात खडा धरून बोलावं लागतं. मला अजून जमलेलं नाही. तिथं राजा आहे, पार्लमेंट आहे, वर्तमानपत्र आहे, मासळीच्या करावरून भांडणं आहेत. हे सगळं चालवणारी माणसं चांगली शिकलेली, बायकापोरं असलेली. एक फिनलंडला दातांचा डॉक्टर, एक ब्राझीलला मास्तर, आणि एक आमचा, जो नेपरव्हिलहून आगगाडीनं शिकागोला जाऊन बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो.

मी चौथी शिकलो. पुढं सगळं आयुष्य कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर गुळव्या म्हणून गेलं. गुळव्या म्हणजे उसाचा रस आटताना काहील कधी उतरवायची ते सांगणारा माणूस. अलीकडे उतरवली तर गूळ मऊ राहतो, पलीकडे गेली तर करपतो. माझ्यासारख्या माणसाला हा देशाचा खेळ म्हणजे पोरखेळ वाटायचा. बायकोला नाही वाटायचा. आम्ही इथं आलो त्या पहिल्या हिवाळ्यापासून ती रविवारी दुपारी लसूण सोलायला घेऊन त्याच्या शेजारी बसायची आणि शेजारणीकडचं विचारावं तसं विचारायची, "काय रे, आज काय झालं तुमच्या देशात?"

तोही सांगायचा. माझ्याशी तासभर बोलायला त्याला कधी जमलं नाही, पण नसलेल्या देशातल्या नसलेल्या प्रधानानं राजीनामा कसा दिला, ते आईला बयाजवार सांगायचा.

एका रविवारी तो म्हणाला, "आई, मी पार्टी काढतोय. मॉडरेट. म्हणजे एकदम लेफ्ट नाही, एकदम राइट नाही. काहीतरी वेगळं नाव पाहिजे. मराठीत काय म्हणशील?"

"मवाळ म्हण की."

मी सोफ्यावरून म्हणालो, "मवाळ? गूळ मवाळ निघाला तर व्यापारी ढेपेला हात लावत नाही."

"तुम्ही गप्प बसा हो. देश तुमचा आहे का?"

"आणि सिम्बॉल? निशाणी?" मुलगा हसत होता.

"साधं काहीतरी ठेव. घरातलं." तव्यावर धपाटं होतं, म्हणून तिच्या हातात उलथणं होतं. गावाहून पिशवीत घालून आणलेलं, लोखंडाचं, दांडा जरा वाकलेला. तिनं ते वर धरलं. "हे घे. दोन्ही बाजू भाजणारं."

त्यानं खरंच तेच काढलं. निळ्या कापडावर पांढरं उलथणं. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि ते जगभरचे लोक त्याला 'मावाल' म्हणायला लागले. पुढच्या आठवड्यात फिनलंडच्या दातवाल्यानं भलं मोठं लिहिलं, की हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या कोळ्यांच्या भाषेतला असणार, आणि झेंड्यावरचं ते वल्हं फार सुंदर आहे. मुलानं वाचून दाखवलं. त्यानं दुरुस्त केलं नाही, तसंच राहू दिलं. आम्ही तिघं इतके हसलो, की सून वरच्या मजल्यावरून विचारायला लागली, "काय झालं? कोण पडलं का?"

मी एकदा त्याला विचारलं, तुझा पक्ष करतो काय?

"दोन्हीकडचं ऐकतो, आबा. मधला रस्ता काढतो."

"आणि नाही निघाला तर?"

"मग ॲबस्टेन. तटस्थ."

"म्हणजे काहीच करत नाही."

"तसं नाही हो," बायको म्हणाली. "कुणाला दुखवत नाही."

गेल्या ऑगस्टात बायको मेली. लोक 'गेली' म्हणतात, 'देवाघरी' म्हणतात. मी मेली म्हणतो. जी गेली असती ती परत आली असती. पोटाचं दुखणं होतं, महिनाभरात संपलं. इथं बटण दाबून जाळतात. राख एका खोक्यात देतात. सुनेनं ती तांब्याच्या कलशात घातली, वर लाल फडकं बांधलं आणि कलश खालच्या खोलीत देवाच्या फळीवर ठेवला.

माझं म्हणणं साधं होतं. तिला गावच्या नदीत सोडायचं. आमच्या आईबापांची राखही तिथंच सोडली. दवाखान्यात तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "मला आपल्या नदीला न्या हं." दिवाळीनंतर जाऊ, असं मी मुलाला म्हणालो.

"बघू, आबा."

मुलगी टेक्ससला राहते, फ्रिस्कोत. तिचा फोन. "आबा, तिकडं आता आपलं काय उरलंय? घर विकलं. मला आई आठवली तर मी कुठं जाऊन बसू? इथंच कुठंतरी सोडा ना, भावाच्या घराजवळ."

मी मुलाकडं बघितलं. तो म्हणाला, "दोघांचाही पॉइंट बरोबर आहे."

दिवाळी गेली. बर्फ पडलं. मी दर चार दिवसांनी विचारायचो, तो दर चार दिवसांनी म्हणायचा, "ताईशी बोलतो." ताईशी बोलायचा आणि मग मला म्हणायचा, "आबांचं पण ऐकलं पाहिजे, असं मी तिला सांगितलंय." काहील चुलीवर, खाली जाळ, आणि गुळव्या दोन्हीकडच्या माणसांना विचारतोय, उतरवू का?

एका शनिवारी तो लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आला. डोळे भरलेले. "आबा, तुम्हाला दाखवायचं राहिलं होतं." पडद्यावर त्या देशाचं पार्लमेंट होतं आणि त्याच्या डोक्यावर निळा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला. त्यावर माझ्या बायकोचं उलथणं. खाली लोकांनी लिहिलेलं. ब्राझीलचा मास्तर, दातांचा डॉक्टर, कोण कुठले. त्यांनी तिच्यासाठी सरकारी दुखवटा पाळला होता. मावाल पक्षाची आई, असं लिहिलं होतं.

"कधीचं हे?"

"ती गेली त्याच आठवड्यातलं."

"ठरवायला किती वेळ लागला?"

त्याला वाटलं, मी कौतुकानं विचारतोय. "तासाभरात व्होट झालं. सगळ्यांनी हो म्हटलं. एकमतानं."

मी बोललो ते बोललो. इथं सगळं लिहीत नाही. इतकंच म्हणालो, की नसलेल्या देशात तासाभरात ठरतं, आणि खरी आई खालच्या फळीवर वाट बघत बसलीय. तो मग म्हणाला, "ओके. मग अर्धी तिकडे नेऊ, अर्धी इथे. सगळ्यांचं होईल."

"अर्धी कुठली? पाय तुमच्याकडं आणि डोकं माझ्याकडं?"

"आबा, प्लीज."

"माणूस आहे ती. ढेप नाही फोडून वाटायला. मला अर्धीमुर्धी नको. एक काहीतरी ठरव. तिकडं म्हण नाहीतर इकडं म्हण. तू म्हणशील ते मी ऐकीन. पण मधे उभा राहू नकोस."

हे मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. सून जिन्यात होती, तिनंही ऐकलं.

त्यानं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. मी म्हटलं, "तुझ्या आईनं मला स्वतः सांगितलंय, नदीला न्या म्हणून."

पलीकडून मुलगी मग म्हणाली, "आबा, मला ती म्हणाली होती, तुम्ही पोरं जिथं असाल तिथंच मला ठेवा."

"कधी?"

"दवाखान्यात. तुम्ही चहा प्यायला खाली गेला होता."

मी मुलाकडं वळलो. त्यानं मान खाली घातली. "मला म्हणाली, तुम्हा सगळ्यांना सोयीचं पडेल तसं कर."

मग मुलगा हळूच म्हणाला, "आबा, ती सगळ्यांना हो म्हणायची. तुम्हाला माहीत नाही का?"

मला माहीत होतं. सासूला हो, जावेला हो, मला हो, पोरांना हो. गावात दोन भावकींत बोलणं बंद होतं, तर ही दोन्ही घरच्या हळदीला जायची आणि दोन्हीकडं म्हणायची, तुमचंच खरं. मला वाटायचं, बाकी सगळ्यांना ती गोड बोलते, खरं फक्त मला सांगते. मरतानाही तिनं मला बरं वाटेल तेच सांगितलं. त्या दिवसापासून मला तिचा राग आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून तो जातही नाही.

नंतर बरेच दिवस मुलगा त्या देशात गेला नाही. रविवारी लॅपटॉप बंद. मला वाटलं, रुसला. मग मार्च संपता संपता एक दिवस संध्याकाळी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं.

"आबा, मी ठरवलं. इथंच सोडायचं. घराजवळच्या नदीत, पुलाजवळ. ताई पुढच्या महिन्यात येतेय."

मी घास परत ताटात ठेवला.

"तुम्ही कलश घेऊन गावी गेलात तर परत येणार नाही," तो म्हणाला. "मला माहीत आहे. चुलत्याच्या ओट्यावर खाट टाकून बसाल आणि आम्हाला फोनवर कळेल. आई गेली तेव्हा मी ऑफिसात होतो. तुमच्या वेळी मला जवळ असायचंय."

हे मी कुणाला बोललो नव्हतो. पण तो म्हणाला ते खरं होतं. परतीचं तिकीट मी काढणारच नव्हतो. त्यानं ओळखलं म्हणून जास्त राग आला.

"तुझा पक्ष काय म्हणतो यावर?" मी टोमणा मारला.

"पक्ष सोडला मी, आबा."

आयुष्यात पहिल्यांदा पोरानं एक बाजू धरली, आणि ती माझ्या विरुद्धची. ओरडावं तर कशाच्या बळावर? ठरव म्हणून मीच बोंबललो होतो. ऐकीन म्हणूनही मीच. मी उठलो, हात धुतले. सून ओट्याशी त्याच उलथण्यानं तव्यावरची भाकरी परतत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

एप्रिलात आम्ही चौघं नदीवर गेलो. नदी कसली, आमच्याकडं हिला ओढा म्हणतील. काठाला गवत उगवत होतं, पण सावलीत बर्फाचे मळकट ढीग होते. जाडजूड बदकं फिरत होती. पलीकडच्या वाटेवरून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. तिनं आम्हाला हात केला. मुलीनं रडतच तिला हात केला.

फडकं मी सोडलं. कलश माझ्या हातात होता. मुलानं माझा दंड धरला, मी घसरू नये म्हणून. मग त्यानं दुसऱ्या हातानं कोटाच्या खिशातून एक डबी काढली. छोटी, स्टीलची. हळद-कुंकवाची तिचीच.

"आबा," तो फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "चिमूटभर ठेवू? कधीतरी आपण दोघं जाऊ गावी. ताईला सांगायची गरज नाही."

पक्ष सोडला म्हणाला होता, पण अंगातून गेला नव्हता. आईच्या पोटातून आलेलं ते. मला हो म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हणालो होतो, की माणूस वाटायचा नसतो, आणि ते घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

"नको," मी म्हणालो.

"थोडीशीच, आबा."

"नको म्हटलं ना."

त्यानं डबी मिटून खिशात टाकली. मी कलश उपडा केला. राख आधी पाण्यावर पसरली, मग दिसेनाशी झाली. कलश विसळायला मी पाण्यात हात घातला, तर बोटं बधिर झाली. तिला थंडी अजिबात सोसायची नाही. जूनमध्येसुद्धा पायात मोजे घालून झोपायची.