इंजिनाचं नाक

धुळ्याजवळच्या आमच्या गावी एक जुनी पेट्रोल जीप होती. एका उन्हाळ्यात वडिलांनी आणि देवपूरच्या काकांनी तिचं इंजिन उतरवून अंगणात खोललं. आत धूळ जाऊ नये म्हणून अक्कानं, म्हणजे माझ्या आत्यानं, दिसेल त्या भोकात घरचा कापूस कोंबला. आमच्याकडे जखमेपासून उशीपर्यंत सगळ्याला कापूसच लागायचा.

मी कॉलेजात होते, पण माझे प्रश्न संपत नव्हते. इंजिन श्वास कुठून घेतं, असं विचारल्यावर वडिलांनी कार्बोरेटरचं तोंड दाखवलं.

शेवटी गिअरबॉक्स जोडलेलं ते धूड लिंबाला टांगलेल्या साखळीनं जीपमध्ये उतरलं. सगळ्यांनी पहारीनं रेटून ते जागेवर बसवलं, बोल्ट आवळले. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. काका बॅटरीला शिव्या देऊ लागले, वडील प्लग काढायला बसले. मला राहवेना. एअर फिल्टर बसवायचा बाकी होता, म्हणून मी सरळ त्या तोंडात बोट घातलं. आत मऊ लागलं.

"अक्का, नाकमा कापूस शे!"

अक्कानं पेट्रोलनं भिजलेला बोळा ओढून काढला. जीप अशी गुरगुरली की कोंबड्या पांगल्या. आम्ही बॉनेटभोवती जमलो. दिवेलागण झाली होती. वडिलांनी सहज मागे पाहिलं आणि पाना टाकून धावत सुटले.

अक्का तुळशीपुढे बसून त्याच कापसाची वात वळत होती. काडेपेटी मांडीवर होती.