होरेसचा सरळ बोगदा

माझा मुलगा होरेस एका जागी कधी टिकला नाही. अकरा वर्षं त्याने कोलोरॅडोच्या डोंगरांतून रेल्वे नेली. त्याचा एकही बोगदा बोटभर वाकला नाही, असं त्याचे मुकादम सांगत. मग एक खिंड कापताना त्याला गारगोटीत सोन्याची शीर दिसली आणि महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. निदान गरम जेवेल तरी, म्हणून मी ओहायोतलं घर विकून त्याच्यामागे आले.

त्याची खाण गावावरच्या डोंगराच्या सोंडेत. पहारींना धार लावायची त्याची भट्टी माझ्या खिडकीतून दिसे. सकाळी तिचा धूर दिसला की मग मी कॉफी घ्यायची.

त्याचा जोडीदार जोरी ट्रेम्बाथ, कॉर्नवॉलचा म्हातारा खाणकामगार. बोगदा साठ फूट आत गेला तेव्हाच तो म्हणाला होता, "साहेब, शीर डावीकडे वळली. आपणही वळू या."

"वळली नाही, दडलीय. समोर सापडेल."

"अहो, सोनं काय तुमच्या वेळापत्रकाने येतं?"

होरेसने पातळी बघायची पाणसळ लावली, दुर्बीण रोखली आणि तीन वर्षं नाकासमोर खणत राहिला.

या ऑक्टोबरात मी म्हटलं, "बर्फाआधी खाली ये."

"आणखी वीस फूट, आई."

"गेल्या वर्षीही वीसच होते!"

जोरी मात्र गाठोडं घेऊन उतरला. "बाई, तुमच्या पोराला शिव्या घालून माझं तोंड दुखलं," म्हणाला. "वरचा कडा बर्फाने भरलाय. मी नाही थांबत."

नोव्हेंबरात एका मंगळवारी, भर दुपारी, होरेस बोगद्यात असताना, त्या कड्यावरचं बर्फ कोसळलं. भट्टीही दिसेना, बोगद्याचं तोंडही. जोरीने माणसं जमवून दोन दिवस फावडी मारली. बर्फ दगडासारखं घट्ट झालं होतं. घरी आल्यावर तो माझ्याकडे न बघता कॉफी प्यायचा.

तिसऱ्या दिवशी होरेस दारात उभा. पलीकडच्या खोऱ्यातून येणाऱ्या टपालाच्या घसरगाडीतून आला होता. तोंड काळं, बोटं फाटलेली.

"मोजमापाप्रमाणे डोंगराची पलीकडची बाजू सहा फूट राहिली होती," तो म्हणाला. "उरलेले सगळे सुरुंग लावले. धुरात जीव जायची वेळ आली, मग उजेड दिसला. आई, मागे वळून पाहिलं, तर बोगदा अगदी सरळ!"

"मग आता इंजिन आणा, साहेब," जोरी डोळे पुसत म्हणाला. "तिकिटं मी फाडतो."

होरेस खूप हसला. मग हळूच त्याने विचारलं, "जोरी, शीर डावीकडे वळली ती नेमकी कुठे?"

जोरीने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं तर कॉफी बंद, म्हणून मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

होरेसची बोटं अजून बांधलेली आहेत. बर्फ वितळेपर्यंत वर जाणार नाही, असं त्याने मला वचन दिलंय. पण आज चादरी काढायला कपाट उघडलं, तर आत त्याची पाणसळ नीट गुंडाळून ठेवलेली. वळलेल्या शिरेमागे वाकडं खणायला ती त्याला लागणार नाही.